छातीत दुखले, पट्टी काढली, पुढे काय? हृदयाच्या तपासण्या समजून घेताना

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे राज्यभर माहीत झाले. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरच्या वडीगोद्रीजवळचे हे गाव आरोग्याच्या बाबतीत मात्र मराठवाड्यातल्या इतर शेकडो गावांसारखेच आहे. रात्री एखाद्याच्या छातीत कळ आली, तर वडीगोद्रीच्या फाट्यावर दोन रस्ते समोर असतात. एक अंबडवरून जालन्याला जातो. दुसरा महामार्गाने एका बाजूला छत्रपती संभाजीनगरकडे आणि दुसऱ्या बाजूला बीडकडे जातो. कुठे जायचे, तिथे कोणती तपासणी होईल आणि ती झाल्यावर पुढे काय, हे घरातल्या माणसांना माहीत असेल तर बराच वेळ वाचतो. हृदयाच्या झटक्यात वाचलेल्या वेळेचा अर्थ वाचलेला हृदयाचा स्नायू असा असतो.

ईसीजी, ट्रोपोनिन, टू-डी इको, टीएमटी, होल्टर, अँजिओग्राफी ही नावे आता गावोगावी ऐकू येतात. पण यातली प्रत्येक तपासणी एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. एकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे सगळे ठीक आहे, असे होत नाही. तसेच मोठी तपासणी म्हणजे चांगली तपासणी, असेही नाही.

आधी एवढे ठरवा: आत्ता दुखते आहे, की अधूनमधून दुखते?

तपासणीचा क्रम या एका प्रश्नावर ठरतो.

आत्ता, या क्षणी छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जड वाटते आहे, दुखणे डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाते आहे, दरदरून घाम फुटला आहे, दम लागतो आहे, तर ही आणीबाणी आहे. अशा वेळी जिथे ईसीजी लवकरात लवकर निघेल आणि पुढचा उपचार सुरू होईल, तिथे पोहोचायचे असते. टू-डी इकोची वेळ घेणे किंवा टीएमटीला जाणे हे त्या वेळचे काम नाही.

याउलट चढ चढताना, शेतात डोक्यावर ओझे घेऊन चालताना छाती भरून येते आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत बरे वाटते, असे महिनोन्‌महिने होत असेल, तर टप्प्याटप्प्याने तपासण्या करायला वेळ असतो. पण हेच दुखणे अलीकडे वाढले असेल, कमी श्रमात किंवा बसल्या जागी येऊ लागले असेल, तर ते पुन्हा आणीबाणीत मोडते.

इथे एक घोळ नेहमी होतो. छातीतली जळजळ, पोटाच्या वरच्या भागातले दुखणे हे ‘पित्त झाले’, ‘गॅस अडकला’ म्हणून सोडून दिले जाते. ओवा, सोडा, पित्ताची गोळी यांत दोन-तीन तास जातात. मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि बायकांना झटका येतानाही छातीत ठसठशीत दुखेलच असे नसते. नुसता दम लागणे, मळमळ, अचानक आलेला थकवा, घाम एवढीच लक्षणे असू शकतात. गॅस आहे की हृदय, हे घरी बसून ठरवता येत नाही. त्यासाठी पट्टीच काढावी लागते.

ईसीजी: पाच मिनिटांची पट्टी

हृदयाचा प्रत्येक ठोका एका सूक्ष्म विद्युत लहरीने सुरू होतो. ती लहर त्वचेवरून टिपून कागदावर उमटवणारे यंत्र म्हणजे ईसीजी. विलेम आइंथोवेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत विकसित केली आणि १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा तारा लावतात आणि त्यांतून हृदयाकडे बारा कोनांतून पाहिले जाते. शरीरात वीज सोडली जात नाही, त्यामुळे शॉक बसण्याची भीती नको. उपाशी राहण्याची गरज नाही. पाच-दहा मिनिटांत काम होते. बायकांची पट्टी काढताना पडदा आणि सोबत महिला कर्मचारी असावी, अशी मागणी करण्यात संकोच करू नये.

छातीत दुखणारा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्याची पट्टी निघावी आणि डॉक्टरांनी ती पाहावी, असा जगभरचा नियम आहे. हृदयाची मोठी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल तर बहुतेक वेळा पट्टीतली एक विशिष्ट रेषा वर उचललेली दिसते. ती दिसली की पुढच्या कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात.

पट्टी नॉर्मल आली तर? ती पट्टी काढली त्या काही सेकंदांत नॉर्मल होती, एवढेच त्यातून कळते. झटक्याच्या सुरुवातीला पट्टी साधी दिसू शकते. म्हणून दुखणे चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी ती पुन्हा काढतात. एक पट्टी नॉर्मल आली म्हणून दुखणाऱ्या माणसाला घरी आणणे धोक्याचे आहे.

ट्रोपोनिन: रक्तातली खूण

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातले ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. साध्या चाचणीत ते वाढलेले दिसायला साधारण तीन ते सहा तास लागतात. दुखणे सुरू होऊन तासच झाला असेल तर पहिला रिपोर्ट निगेटिव्ह येणे साहजिक आहे. म्हणून काही तासांनी रक्त पुन्हा घेतात. ‘एकच रक्त दोनदा का काढता’ असे वाटले, तरी दोन रिपोर्टमधला फरक हीच खरी माहिती असते.

ट्रोपोनिन वाढले म्हणजे झटकाच, असेही नाही. मूत्रपिंडाचा आजार, हृदयाच्या स्नायूची सूज, गंभीर जंतुसंसर्ग यांतही ते वाढते. लक्षणे, पट्टी आणि रक्त या तिन्हींची सांगड घालून डॉक्टर निदान करतात.

वेळेचे गणित आणि गाव

रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेल्या झटक्यात ती उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. दुसरा म्हणजे अँजिओप्लास्टी, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी नेऊन फुग्याने वाहिनी उघडणे आणि स्टेंट बसवणे. योग्य वेळेत मिळाली तर अँजिओप्लास्टी अधिक चांगली. पण निदानापासून दोन तासांच्या आत ती होणार नसेल, तर आधी इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात पाठवावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. इंजेक्शनचा उपयोग पहिल्या तीन तासांत सर्वांत जास्त होतो आणि बारा तासांनंतर तो फारसा राहत नाही.

अंतरवालीसारख्या गावासाठी हा मुद्दा कळीचा आहे. ‘थेट संभाजीनगरलाच नेऊ, तिथे सगळे आहे’ हा विचार चांगल्या हेतूचा असतो. पण गाडी शोधणे, रस्ता, शहरातली गर्दी, दाखल होण्याची प्रक्रिया हे सगळे धरले तर दोन तास सहज उलटतात. जवळच्या ज्या रुग्णालयात डॉक्टर, ईसीजी आणि इंजेक्शनची सोय आहे तिथे आधी पट्टी काढून पुढे जाणे अनेकदा जास्त शहाणपणाचे ठरते. अंबडला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि जालन्याला जिल्हा रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाने ‘स्टेमी’ प्रकल्पाखाली काही सरकारी रुग्णालयांतली पट्टी संगणकाद्वारे दूरच्या तज्ज्ञांकडे पाठवून तिथून सल्ला मिळण्याची सोयही केली आहे. तुमच्या जवळच्या रुग्णालयात ही सोय आणि गुठळीचे इंजेक्शन उपलब्ध आहे का, हे कुणी आजारी नसताना एकदा विचारून ठेवावे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोनवर ‘छातीत दुखते आहे, घाम आला आहे’ असे स्पष्ट सांगावे. रुग्णाने स्वतः मोटारसायकल चालवत किंवा मागे बसून जाऊ नये. अ‍ॅस्पिरिनची ॲलर्जी नाही आणि रक्तस्रावाचा त्रास नाही, अशा रुग्णाला फोनवरचे डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला सांगू शकतात. शेजाऱ्याच्या घरातली हृदयाची दुसरी कुठलीही गोळी मनाने देऊ नये.

टू-डी इको: हृदय हलते कसे

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीला थंड जेल लावून एक छोटे उपकरण फिरवतात आणि पडद्यावर हृदय हलताना दिसते. किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. गर्भवतीचीही ही तपासणी करता येते. झडपा नीट उघडतात-मिटतात का, कप्प्यांचा आकार वाढला आहे का, स्नायूचा एखादा भाग कमी हलतो का, हे तिच्यातून कळते.

रिपोर्टमधला ‘ईएफ’ हा आकडा घरोघरी गैरसमज निर्माण करतो. ‘ईएफ ६०’ वाचून ‘हृदय साठच टक्के चालते’ असे समजून लोक घाबरतात. प्रत्यक्षात डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. साधारण ५५ ते ७० हा आकडा चांगला मानतात. ४० किंवा त्याखाली आला तर हृदयाची ताकद कमी झाली असे समजतात आणि त्यावर औषधे आहेत.

इकोमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे थेट दिसत नाहीत. म्हणून ‘इको चांगला आला, आता ब्लॉकेज नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

टीएमटी: पट्ट्यावरची चाल

बसल्या जागी हृदयाला रक्त पुरते, पण मेहनत करताना पुरते का, हे पाहण्यासाठी फिरत्या पट्ट्यावर चालवून सतत ईसीजी काढतात. बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर वेगाचा असतो आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढतो. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे असतात. वय ५५ असेल तर हे लक्ष्य मिनिटाला सुमारे १४० ठोके येते.

जाताना हलके खाऊन दोन-तीन तास झालेले असावेत. पायात बूट आणि अंगात सैल कपडे असावेत. साडी नेसून पट्ट्यावर चालणे अवघड जाते, म्हणून बायकांनी पंजाबी ड्रेस घालावा. ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर ती त्या दिवशी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. स्वतःहून बंद करू नये. चालताना छातीत दुखले, चक्कर आली, तर लगेच सांगावे. ‘पूर्ण केली नाही तर नापास’ असे काही नसते.

नुकताच झटका येऊन गेला असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल किंवा महाधमनीची झडप खूप अरुंद झाली असेल तर ही तपासणी करत नाहीत. टीएमटी शंभर टक्के अचूकही नाही. काहींचा, विशेषतः बायकांचा रिपोर्ट ब्लॉकेज नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकतो. त्यामुळे पॉझिटिव्ह टीएमटी म्हणजे ऑपरेशन, असे समीकरण नाही.

ठोके मध्येच चुकतात, धडधड होते, भोवळ येते अशी तक्रार असेल तर होल्टर लावतात. छोटे यंत्र चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ अंगावर ठेवून प्रत्येक ठोका नोंदवतात. त्या काळात कधी त्रास झाला याची वेळ कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर तपासणीचा अर्धा उपयोग जातो.

अँजिओग्राफी: तपासणी, आणि निर्णयाची जागा

मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहतात. जागा बधिर करतात, रुग्ण जागा असतो. तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. गंभीर गुंतागुंत शंभरात एकाहूनही कमी जणांत होते, पण धोका शून्य नसतो. आधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करतात. मधुमेहाच्या गोळ्या, ॲलर्जी, रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती न विचारताही सांगावी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्याला सगळे घाटी म्हणतात, आणि शहरातल्या खासगी रुग्णालयांत ही सोय आहे.

सीटी अँजिओग्राफी वेगळी. तिच्यात हृदयापर्यंत नळी नेत नाहीत, हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन स्कॅन काढतात. ब्लॉकेजची शक्यता कमी किंवा मध्यम असताना ते नाही ना, याची खात्री करायला ती उपयोगी आहे.

अँजिओग्राफी ही तपासणी आहे, अँजिओप्लास्टी हा उपचार. दोन्ही एकाच टेबलावर होतात आणि नातेवाइकांना बाहेर बोलावून ‘दोन ब्लॉकेज आहेत, स्टेंट टाकायचा का, लगेच सांगा’ असे विचारले जाते. इथे मघाचाच प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरतो. झटका चालू असेल तर वाहिनी उघडण्यात मिनिटेही मोलाची आहेत, तिथे थांबू नये. पण आजार स्थिर असेल तर बहुतेकदा विचार करायला वेळ असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की स्थिर आजारात आधी चांगली औषधे देणे आणि सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करणे, यांत मृत्यू किंवा झटक्याचे प्रमाण फारसे वेगळे नव्हते. ज्यांना छातीत वारंवार दुखत होते, त्यांना दुखण्यापासून आराम मात्र स्टेंट-बायपासने जास्त मिळाला. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असेल किंवा हृदयाची ताकद फार कमी झाली असेल, तर हे निष्कर्ष लागू होत नाहीत. अँजिओग्राफीची सीडी मागून घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवण्याचा तुम्हाला हक्क आहे.

उपोषणात ईसीजी कशासाठी?

अंतरवालीत २९ ऑगस्ट २०२३ रोजी उपोषण सुरू झाले. मंडपात वैद्यकीय पथके येत, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला असेल, की पोटात अन्न नाही, मग हृदय का तपासायचे? हृदयाची विद्युत लय पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांच्या तोलावर चालते. दीर्घ उपवासात आणि विशेषतः पाणीही सोडल्यावर हा तोल ढळतो. रक्तदाब उतरतो, ठोके अनियमित होऊ शकतात. हा बदल पट्टीत दिसतो, माणसाला स्वतःला जाणवेलच असे नाही. उपवास सोडल्यावरचे दिवसही जोखमीचे असतात. एकदम भरपूर खाल्ले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयावर ताण येऊ शकतो. म्हणून दीर्घ उपोषणानंतर रुग्णालयात ठेवून थोडे थोडे अन्न सुरू करतात आणि रक्त व ईसीजी तपासत राहतात.

खर्चाचे काय?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे शासकीय दर लागू शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया त्यात मोडतात. नुसत्या तपासणीचा खर्च योजनेत बसेलच असे नाही, म्हणून पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावे. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे.

स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे. तेव्हा औषधी लेप असलेल्या स्टेंटची मर्यादा २९,६०० रुपये होती, पुढे ती वेळोवेळी सुधारली गेली. बिलात स्टेंटचे नाव, कंपनी आणि किंमत वेगळी लिहिलेली असायला हवी.

फाइलमध्ये काय हवे, तोंडात कोणते प्रश्न?

- प्रत्येक जुनी पट्टी जपून ठेवा. ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही काळाने अक्षरे उडतात, म्हणून लगेच झेरॉक्स किंवा फोनवर फोटो काढून ठेवा. नवी पट्टी जुनीशी ताडून पाहता आली तर निदान सोपे होते.
- चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. ‘लाल गोळी, पांढरी गोळी’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.
- दुखणे किती वाजता सुरू झाले, ते लिहून ठेवा. गुठळीचे इंजेक्शन द्यायचे की नाही, हे त्या वेळेवर ठरते.
- डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या तपासणीतून नेमके काय कळणार? रिपोर्ट असा किंवा तसा आला तर उपचारात काय बदल होईल? ती आजच करायची, की थांबले तर चालेल?

दुसऱ्या प्रश्नाला ‘काहीच बदल होणार नाही’ असे उत्तर आले, तर ती तपासणी बहुधा आत्ता गरजेची नाही. आणि तिसऱ्याला ‘आत्ताच’ असे उत्तर आले, तर पैसे, पाहुणे, पीक, काढणी हे सगळे बाजूला ठेवून आधी ती करावी.